खातूसाहेबांची पाटी

चिपळूणच्या एका सोसायटीत अध्यक्ष खातूसाहेबांचा जीव दोन गोष्टींत अडकलेला होता. एक आवारातली हिरवळ आणि दुसरी तिच्या काठावरची, त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी: ‘येथे कोणीही पाय ठेवू नये. हुकमावरून.’ बारा वर्षं तिचा असा दरारा की, चेंडू आत गेला तर पोरं चेंडूवर पाणी सोडत, पण आत जात नसत.

पण हिरवळीतला फणस वाढत गेला आणि त्याच्या दाट सावलीत गवत काही धरेना. बागकाम करणाऱ्या यशोदाबाईंनी खत घातलं, पाणी घातलं, शेवटी वैतागून गवत उपटलं आणि शेवाळ लावलं. पावसाळा सरेपर्यंत तिथं हिरवी मखमल अंथरल्यासारखी दिसू लागली.

खातूसाहेब भडकले. सगळ्या कमिटीला काठावर उभं करून म्हणाले, “बाई, लोक शेवाळ खरवडून काढतात आणि तुम्ही हौसेनं लावलंत? कुणी घसरून हाड मोडून घेतलं म्हणजे? उद्यापासून कामावर येऊ नका!”

यशोदाबाईंनी पदर खोचला, पाटीवरची धूळ पुसली आणि विचारलं, “साहेब, हा हुकूम अजून चालू आहे ना?”

“म्हणजे काय! माझा हुकूम आहे तो. कुणाची छाती आहे मोडायची?”

“मग घसरणार कोण, साहेब?”

कमिटीला एकदम खोकला आला. खातूसाहेबांनी शेवाळावर टाकायला उचललेला पाय हळूच मागे घेतला आणि ते म्हणाले, “उद्या वेळेवर या.”