ब्याण्णव ठोके

“ठोके ब्याण्णववर आलेत, सिस्टर. अजून कशाची वाट बघताय?”

सिस्टर रिबेका शेलार कळा सोसणाऱ्या वैजयंताच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. बाळंतपणाच्या खोलीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

डॉक्टर मकरंद त्या दवाखान्यात नवे होते. परीक्षेत पहिले आलेले. बाळाचे ठोके मोजणारं यंत्र त्यांनीच हट्टानं आणवलं होतं. वैजयंताचं वजन एकशे आठ किलो. यंत्राचा पट्टा तिच्या पोटावरून सारखा घसरत होता.

“एवढ्या चरबीतून ऐकू तरी काय येणार!” डॉक्टर पुटपुटले.

“मी जाडी आहे डॉक्टर, बहिरी नाही,” वैजयंता म्हणाली.

सिस्टर हसल्या. डॉक्टरांना हसू आलं नाही.

“बाळाचे ठोके एकशे दहाच्या खाली जाता कामा नयेत. ते गुदमरतंय. सिझर करू या.”

“एवढ्या वजनाला भूल द्यायची म्हणजे...”

“जोखीम आहे, ठाऊक आहे. पण बाळ गेलं तर?”

...

सिस्टरांनी डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांची तीन बोटं वैजयंताच्या मनगटावर टेकवली.

“मोजा.”

“आता नाडी काय मोजू? इथं...”

“यंत्राकडं बघत मोजा.”

बोटांखाली एक ठोका पडला. यंत्राचा दिवा एकदा लुकलुकला. पुन्हा ठोका, पुन्हा दिवा. अगदी बरोबरीनं.

डॉक्टरांचे कान लाल झाले.

सिस्टरांनी वैजयंताला डाव्या कुशीवर वळवलं. पट्टा काढून टाकला. पोटाची घडी उचलून धरली आणि यंत्राची चकती खाली, पार जांघेजवळ दाबली.

खरखर... मग टबक टबक टबक टबक.

एकशे चव्वेचाळीस.

“सापडलं का लबाड?” वैजयंतानं विचारलं.

“सापडलं गं. डॉक्टर, धरा ही चकती. हात हलवू नका.”

“किती वेळ?”

“ते बाहेर येईपर्यंत.”

डॉक्टर स्टुलावर बसले. पाऊण तासानं मुलगी झाली आणि तिनं खोली डोक्यावर घेतली. डॉक्टरांचा हात खांद्यापासून आखडला होता, पण चेहरा फुलला होता.

“हे यंत्र परत पाठवतो,” ते म्हणाले. “चक्क खोटं बोललं.”

सिस्टर बाळाला पुसत होत्या.

“खोटं कुठं बोललं? आई बरी आहे, एवढंच सांगत होतं बिचारं.”