भागू चितारणीची भिंत

कोळंब्याच्या माळावर गाव नुकतं वसत होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथं भागू नावाची चितारीण राहायची. गेरू आणि चुना घेऊन ती लोकांच्या भिंती रंगवायची. ज्या घरात जे चाललेलं असे, तेच तिच्या हातून उमटे, असं म्हणतात.

हैबती तांबटानं तिला बोलावलं. तिनं चुलीपाशी जेवायला बसलेला हैबती काढला आणि त्याला वाढणारी त्याची बायको सगुणा. चित्र देखणं झालं. पण सगुणेची नजर नवऱ्याच्या ताटाकडे नव्हती, मागच्या दाराकडे होती.

हैबतीच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, ही कुणाची वाट बघतेय?"

"मला काय ठाऊक, बाबा? दिसलं तसं काढलं."

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. सगुणा पाण्याला गेली, तरी तो दारात उभा राहून वाट बघे. टोपल्यातली भाकरी रोज कमी होते, हेही त्यानं हेरलं. "कुत्र्याला घातली," सगुणा म्हणे. चिडून त्यानं भिंतीला चुना फासला. सकाळी सगुणा चुन्यातून वर आली, तशीच दाराकडे बघत. पुन्हा फासला, पुन्हा ती वर आली. आता तर चित्रातलं दारही किलकिलं झालं होतं, असं म्हणतात.

एका दुपारी पदराखाली काही झाकून सगुणा मागच्या दारानं निघाली. हैबतीनं हातोडा उचलला आणि मागोमाग गेला. ती माळाच्या टोकाला एका पडक्या झोपडीत शिरली. आतून पुरुषाचं खोकणं ऐकू आलं. हातोडा उगारूनच हैबती आत घुसला.

आत त्याचा थोरला भाऊ धोंडजी होता. वाटणीवरून भांडून हैबतीनंच त्याला घराबाहेर काढलं होतं. तापानं त्याची काडी झाली होती आणि सगुणा त्याला दूधभाकरी भरवत होती.

"याला पाणीसुद्धा द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तुम्ही मला," सगुणा म्हणाली. "मोडली मी. मारायचं तर मारा."

हैबतीच्या हातातून हातोडा गळाला. त्यानं भावाला पाठीवर घेतलं.

"लई हलका झालोय का रे?" धोंडजीनं विचारलं. हैबतीला रडू आवरेना.

पण गावानं धसका घेतला. आपल्या भिंतीवर काय उमटेल, या भीतीनं लोक भागूला दार उघडेनात. एके दिवशी ती गेरूचं मडकं घेऊन माळ ओलांडून गेली ती गेलीच. तिची पावलं पडली तिथली माती तांबडी झाली, असं म्हणतात.

अजूनही कोळंब्यात नवरा-बायकोचा अबोला झाला, की घरातली थोरली बाई भागूचं नाव घेऊन चुलीमागच्या भिंतीवर दोघांना गेरूनं काढते. चित्र वाळेपर्यंत कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. पावसाळ्यात तर ते लवकर वाळतच नाही.