खाडीकाठचा पाळक

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. खाडीच्या काठी ख्रिस्ताला मानणाऱ्यांचं एक लहानसं गाव होतं. नथानेलबाबा तिथले पाळक. शेजारी कुंभारांची वस्ती होती. त्यांचा देव वेगळा, पण तापाची साथ आली की बाबा त्यांच्याही झोपड्यांत जाऊन बसत. कुंभार म्हणत, "बाबा आपलेच."

एका साथीत वैद्य मिळेना. अकरा माणसं गेली. बाबा तडक राजाकडे गेले. राजाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी वैद्य धाडला. मग म्हणाला, "दरबारात या. गरिबांचं दुःख मला सांगत जा. रविवारी देवळात माझ्यासाठी प्रार्थना करा. एवढंच."

बाबांना वाटलं, देवानेच दार उघडलं.

देऊळ झाडणारी तबीथाबाई म्हणाली, "जा की बाबा, नको कोण म्हणतंय? पण राजाला रुचत नाही तेही बोलून या."

"त्यासाठीच तर चाललोय," बाबा म्हणाले.

पहिल्या वर्षी ते बोलले. दोन्ही वस्त्यांना गोड्या पाण्याची विहीर मिळाली. लोकांनी दुवा दिला.

दुसऱ्या वर्षी राजाने शेजारच्या राज्यावर चाल केली. बाबांना ते पटलं नाही. पण आज तोंड उघडलं, तर उद्या वैद्य कुणाकडे मागायचा? ते गप्प राहिले. रविवारच्या प्रार्थनेत राजाच्या नावामागून त्याची तलवारही आली.

तिसऱ्या वर्षी राजाला खाडीवर किल्ला हवा होता. जागा कुंभारांची.

"त्यांनी उठावं ही देवाची इच्छा आहे, असं तुम्ही सांगा," राजा म्हणाला. "तुमचं ते ऐकतील. नाहीतर मला सैन्य पाठवावं लागेल."

बाबांना तीन दिवस अन्न गेलं नाही. निदान रक्त तरी सांडणार नाही, अशी मनाची समजूत घालून त्यांनी रविवारी देवळाच्या पायरीवरून फर्मान वाचलं. अंगणात कुंभार बायकापोरांसह उभे होते.

तबीथाबाई गर्दीतून पुढे आली. "बाबा, हे देव तुम्हाला कधी म्हणाला?"

बाबांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ वाचली.

कुंभारांनी काठीसुद्धा उचलली नाही. बाबा खोटं बोलणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. चाकं, भांडी, म्हातारे, सगळं घेऊन ते दूरच्या खडकाळ माळावर गेले. तिथे ना माती होती, ना पाणी. महिनाभरात ताप आला.

बाबा दरबारात धावले. राजा नकाशावरून नजर न उचलता म्हणाला, "ते आता माझ्या हद्दीत नाहीत."

त्या दिवशी बाबांना कळलं, की दरबारात त्यांचं काम कधीच संपलं होतं.

पाण्याची घागर आणि औषधाची पुडी घेऊन ते माळावर गेले. पहिल्याच झोपडीत एक बाई तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"आत येऊ नका," ती म्हणाली.

"पोरी, मी देवाच्या नावाने आलोय."

"त्याच्याच नावाने तुम्ही आम्हाला इथे धाडलंत."

तिने दाराचं झाप ओढून घेतलं. पुढची झोपडीही बंद झाली, त्यापुढचीही. दुसऱ्या दिवशी तबीथाबाई गेली. तिचा काय दोष? पण तिच्या गळ्यातला क्रूस पाहून लोकांनी तिलाही परत पाठवलं.

पाऊस पडेपर्यंत माळावर चाळीस माणसं मेली. औषध गावात तसंच पडून राहिलं. नथानेलबाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले, पायरीवर उभं राहून चूक कबूल करत राहिले. ऐकायला तिथे कुंभारांतलं कुणी उरलं नव्हतं.

बोध हाच: सत्तेला सत्य सांगायला गेलेला माणूस सत्तेचीच भाषा बोलू लागला, तर पुढे त्याच्या तोंडचं देवाचं नावही लोकांना भय घालतं.