कुंडावरचं तेल

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगराखालच्या शनिदेवाला वाहिलेलं तेल पन्हळीतून थेट मागच्या कुंडात उतरायचं. एका अमावास्येच्या शनिवारी इतकं तेल आलं की कुंडावर जाड थर पसरला. कुंडात एक मरळ मासोळी राहत होती. तिची पिल्लं हवा घ्यायला वर यायची, आता त्यांच्या तोंडात तेलच जाऊ लागलं.

"बेडूकदादा, काहीतरी करा हो! पिल्लं गुदमरतायत," ती म्हणाली.

बेडकाने गाल फुगवून डराव डराव केलं. तेल हललंसुद्धा नाही. मग म्हैस पाण्यात उतरली. तेल फाटलं, पण ती बाहेर येताच पुन्हा जुळलं.

तिन्हीसांजेला पाणी प्यायला आलेलं एक वटवाघूळ चाचरत म्हणालं, "मी... मी ओरडून बघू?"

"तू?" बेडूक हसला. "रोज नुसतं तोंड वासून फिरतंस. तुझा आवाज कधी ऐकलाय का कुणी?"

"ओरडू दे की," म्हैस म्हणाली. "तुझ्या ओरडण्याने तरी काय झालं?"

वटवाघूळ पाण्यालगत घिरट्या घालत ओरडू लागलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. पण तेलाला बारीक कापरं भरलं. त्याचे थेंब झाले, थेंबांचे कण झाले, आणि ते कण पाण्यात असे मिसळले की पुन्हा वर जमलेच नाहीत.

एक पिल्लू वर आलं आणि त्याने पोटभर हवा घेतली. मग दुसरं आलं, मग सगळीच आली. मरळीने कितीतरी वेळाने अंग सैल सोडलं.

अजूनही वाघळं पाण्यावर आली की त्या कुंडातले बेडूक घटकाभर गप्प बसतात. ऐकू मात्र त्यांना काहीच येत नाही.