तळ्याकडे वळवलेला फुगा

एका गावात एकदा एक वृद्ध शिक्षक राहत असत, आणि निवृत्तीनंतर त्यांनी कोणता उद्योग आरंभला हे ऐकून लोक आधी हसत. ते फुगे उडवत. जत्रेत काठीला बांधून विकतात तसले नव्हेत; तीन माणसांएवढे लांब, माशाच्या आकाराचे, हेलियम भरलेले, पोटाखाली दोन छोटे पंखे आणि शेपटीला सुकाणू असलेले फुगे. आपण जमिनीवर उभे राहायचे आणि हातातल्या रिमोटने त्यांना आकाशात फिरवायचे. शहाणे लोक त्याला ब्लिंप म्हणतात. गावाने फुगाच म्हटले आणि सरांना फुगेवाले सर. सरांनी राग मानला नाही. इतकी वर्षे वर्गात बोललो, कुणी ऐकले नाही. वारा निदान ऐकणार नाही हे आधीच सांगतो, असे ते म्हणत.

ही विद्या शिकायला पुष्कळ जण आले आणि कंटाळून गेले. फुगा हे मोठे संथ वाहन आहे. सुकाणू वळवले तरी तो लगेच वळत नाही, आणि उतावळा माणूस अधिक वळवतो, मग तो नको तितका वळतो. शेवटी एकच शिष्य टिकला, दिगंबर. चाळिशीचा, अबोल, हाताचा कुशल. त्याचा फुगा त्याने घरीच केला होता. तो कापड ताणून धरी आणि त्याची बायको रेवती सांध्यांवरून इस्त्री फिरवी, कारण हे कापड शिवत नाहीत, उष्णतेने चिकटवतात. थोडी जरी फट राहिली तरी वायू निसटतो, म्हणून प्रत्येक सांधा ती पुन्हा दाबून बघे. "तुझ्या फुग्यापेक्षा माझ्या पोळ्या लवकर फुगतात," असे म्हणून हसे.

तो फुगा पुरा झाला आणि रेवती आजारी पडली. आजार असा निघाला, की डॉक्टरांनी दिगंबरला खोलीबाहेर बोलावून सांगितला. तो सर्वत्र पसरला होता. दिगंबरने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या शहरात नेले. तिथे तेच सांगितले, म्हणून त्याहून मोठ्या शहरात नेले. प्रत्येक प्रवासातून ती अर्धी होऊन परत येई. आता गावच्या दवाखान्यात तिला सलाइन लावून थोडी ताकद आणायची, आणि सोमवारी आणखी लांबच्या रुग्णालयात न्यायचे, असे ठरले होते. रेवती कशालाच नाही म्हणत नसे. तो ते धैर्य समजे.

अशात गावची जत्रा आली. एका कापडव्यापाऱ्याने आपल्या दुकानाचे नाव दिगंबरच्या फुग्यावर लावून घेतले होते आणि फुगा बाजारावरून फिरावा असा त्याचा आग्रह होता. सरांकडे एक रीत होती, तिला ते 'वाऱ्याला विचारणे' म्हणत. उड्डाणाआधी पंखे-सुकाणू नसलेला एक लहानसा फुगा वायू भरून सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे. खाली वारा पडलेला असला तरी वर काय चालले आहे, हे त्याच्या वाटेवरून कळते. दुसरा नियम असा, की आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचे, म्हणजे थकल्यावर परतताना वाराच घरी आणून सोडतो. त्या दिवशी दिगंबर थेट दवाखान्यातून आला. उड्डाणाच्या मैदानात, तिथल्या गोदामाच्या आडोशाला पानही हलत नव्हते. सर यायचे होते, व्यापारी घाई करत होता, आणि दिगंबरचे चित्त सलाइनच्या बाटलीपाशी होते. त्याने वाऱ्याला विचारले नाही. फुगा सोडला आणि सरळ बाजाराकडे नेला.

गोदामाच्या वर जाताच फुग्याला वाऱ्याने धरले. दिगंबरने तत्काळ त्याचे तोंड मैदानाकडे फिरवले आणि पंखे पूर्ण वेगाने सोडले. पंखे घोंघावत राहिले, नाक घराकडे रोखलेले राहिले, आणि फुगा हळूहळू मागे मागे जात राहिला. खाली भज्यांच्या कढया तापलेल्या, वर विजेच्या तारा, मध्ये माणसेच माणसे. त्यांनी माना वर करून दुकानाचे नाव वाचले आणि टाळ्या वाजवल्या. बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. दिगंबर दात खाऊन ती एकच कळ दाबत होता.

तेवढ्यात सर आले. त्यांनी एकवार वर पाहिले, काही न विचारता दिगंबरच्या हातातून रिमोट घेतला आणि फुग्याचे तोंड घरापासून वळवून आडवे केले, तळ्याच्या दिशेला. दिगंबर त्यांच्या अंगावर धावून गेला. इतक्या वर्षांत त्याने सरांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तो ओरडला, की तो परत येईल, थोडा वेळ द्या, तिच्या हातचा आहे तो. सरांनी रिमोट दिला नाही. फुगा वाऱ्याबरोबर जात होताच, पण जाता जाता तिरका होत बाजाराच्या कडेला सरकला, शेवटच्या तारा चुकवून तळ्यावर पोचला आणि तिथे पंखे थांबले. हे फुगे हवेपेक्षा किंचित जड ठेवलेले असतात. तो सावकाश खाली आला आणि पाण्यावर आडवा झाला.

संध्याकाळी कोळ्याच्या होडीतून तो काठावर ओढून आणला. यंत्रे पाण्याने गेली होती. व्यापाऱ्याने एवढेच विचारले, की अक्षरांचा रंग गेला का, आणि तो गेला नाही असे पाहून जरा शांत होऊन निघून गेला. दिगंबर त्या ओल्या ढिगाऱ्याशेजारी बसून रडला. सर त्याच्या बाजूला बसले.

डोळे पुसून तो म्हणाला, "सर, तुम्ही आणायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीत."

"तो तू करत होतास," सर म्हणाले. "तोंड घराकडे होतं, म्हणून तुला वाटत होतं की तो घराकडे येतोय. मला तो जाताना दिसत होता. वारा फुग्याहून जोरात वाहू लागला की परतीची वाट उरत नाही, दिगंबर. तेव्हा सगळी ताकद परतण्यात घातली तर ती जागच्या जागी जळून जाते, आणि मग वारा त्याला वाटेल तिथं टाकतो. तारांवर टाकतो, कढईत टाकतो. आडवं मात्र जाता येतं. फार नाही, थोडंसं. कुठं उतरायचं, तेवढं आपल्या हातात राहतं. पण तेही बॅटरीत जीव आहे तोवरच."

"आणि वारा पडला असता तर?"

सर म्हणाले, "पडला असता कदाचित. सुकाणू ज्यानं वळवलं, त्यानंच ते ओझं वागवायचं. मलाही आज झोप लागणार नाही."

दिगंबरने फुग्याची घडी घालायला घेतली. घालता घालता तो थांबला आणि सांध्यांवरून बोट फिरवू लागला. शेपटीपासून नाकापर्यंत सगळे सांधे त्याने चाचपून पाहिले. रेवतीचे नाव दोघांपैकी कुणीच काढले नाही.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा ती जागी होती. टाळ्यांचा आवाज तिथवर आला होता. फुगा आला का परत, असे तिने विचारले. खोटे बोलायची त्याला एव्हाना सवय झाली होती, पण त्या दिवशी ते जमले नाही. आला नाही, तळ्यात उतरवला, असे त्याने सांगितले.

"कुणाच्या अंगावर नाही ना पडला?"

"नाही."

"आणि सांधे?"

"एकही सुटला नाही."

रेवतीने डोळे मिटले. सोमवारच्या गाडीची तिकिटे त्याच्या खिशात होती आणि पिशवी भरून कॉटखाली ठेवलेली होती. दिगंबर तिच्या उशाशी बसला. इतक्या महिन्यांत त्याने सगळ्या डॉक्टरांना सगळे विचारले होते, तिला मात्र एक गोष्ट कधी विचारली नव्हती. ती त्याने आता विचारली. तुला कुठे जायचे आहे, असे तो म्हणाला.

"घरी," रेवती म्हणाली.

ती इतक्या चटकन म्हणाली, की हे उत्तर किती दिवसांपासून तयार होते ते दिगंबरला कळले.