राजासाठी प्रार्थना

अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारलं आणि एज्रा बंडखोरांना मिळाला. त्याचे वडील, म्हातारे पाद्री सायलस, मात्र दर रविवारी राजासाठी प्रार्थना करतच राहिले. बापलेकांचं बोलणं तुटलं. शेवटी गावच्या समितीने पाद्रीबाबांना हद्दपार करायचा ठराव गावसभेत हात वर करून मतदानासाठी मांडला.

"पहिला हात मुलाचा," अध्यक्ष भर सभेत म्हणाले. "तुझी निष्ठाही कळेल."

एज्राने थकलेल्या वडिलांकडे पाहिलं. हात खालीच राहिला.

"अध्यक्षसाहेब, राजा माणूस कसा?" त्याने विचारलं.

"महापापी. कोणालाही विचार."

"मग चर्चमध्ये प्रार्थना पाप्यासाठी करायची नाही, तर कोणासाठी? तुमच्यासाठी?"

सभेत एकही हात वर गेला नाही.

बाहेर पडताना म्हातारा हळूच म्हणाला, "अध्यक्षांसाठीही प्रार्थना करतो. तुझ्यासाठी तर रोजच."