वाघू तांडेलाचं पिंप

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझा आजा चड्डीशिवाय धक्क्यावर हुंदडायचा तेव्हा, आमच्या आंबोळ बंदरात वाघू तांडेल होता. तो तांडेल, म्हणजे म्होरक्या, असलेलं शिडाचं गलबत मंगळुरी कौलं भरून मुंबईला जायचं. आवाज असा की इकडे खाकरला की खाडीपलीकडची कुत्री भुंकायची, असं म्हणतात.

त्याचा धाकटा भाऊ दर्यात तहानेने मेलेला. शीड फाटलेल्या होडीत पडून होता, बाजूने गलबतं गेली, थांबलं कोणीच नाही. तेव्हापासून वाघू गोड्या पाण्याचं एक पिंप जास्तीचं घ्यायचा. नाव दिसली की जवळ जाऊन ओरडायचा, "पाणी आहे का रे?" खलाशी म्हणायचे, तांडेल, जगाला पाजून झालं की आपण काय कौलं चोखायची?

मग मोठी लढाई लागली. एका दुपारी लांबवर काहीतरी काळं दिसलं. शीड नाही, डोलकाठी नाही, पाण्याला टेकलेलं. जानू खलाशी म्हणाला, लक्षण बरं नाही, वळवा. पण वाघूला ती डोलकाठी मोडलेली होडीच वाटली. भाऊ असाच पडला असेल ना. त्याने सुकाणू तिकडेच फिरवलं.

ती पाणबुडी होती.

कौलांनी भरलेलं गलबत, बुडायला कितीसा वेळ. एकटा जानू वाचला, त्या पिंपाला मिठी मारून. भरलेलं पिंप माणसासकट कसं तरंगलं ते मला विचारू नका. वारा उलटा होता, तरी ते सरळ आमच्या बंदरात आलं, असं म्हणतात.

वाघूची बायको भागी धावत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जानूभावजी, ह्यांनी विचारलं तरी का?"

"विचारतच होते, वैनी. तोफ उडाली तेव्हा पाणी म्हणायला तोंड उघडलेलं."

भागीने ते पिंप धक्क्यावर ठेवलं. येणारा-जाणारा त्यातलं प्यायचा, पण लढाई संपेपर्यंत पाणी आटलं नाही, असं म्हणतात. आटलं त्या दिवशी भागी पहिल्यांदा रडली.

अजून आमच्या धक्क्यावर भरलेलं पिंप असतं. त्याच्या वाटेला गावातलं सगळ्यात वांड पोरगंपण जात नाही. आणि होड्या बाहेर गेल्या की दिसेल त्याला विचारतात, पाणी आहे का रे. मोठमोठी लोखंडी जहाजं जातात, त्यांना काय ऐकू जाणार. तरी विचारायचं. मशीन बंद करायचं, आणि उत्तर येतंय का म्हणून जरा थांबायचं.